थांबा ठाऊक असलेले किरण

आमच्या मंडणगड तालुक्यात एखाद्या घरातला कर्ता माणूस आठपंधरा दिवस एस. टी. स्टँडावर, बाजारात कोठेच दिसला नाही आणि आपण सहज चौकशी केली, तर कधीकधी दोनच शब्दांत उत्तर येते : "टाटाला नेलंय." हे टाटा मोटारीचे नव्हेत, पोलादाचे नव्हेत आणि मिठाचेही नव्हेत, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. रोगाचे नाव तर कोणी घेतच नाही. परळच्या त्या इस्पितळाच्या नावाला 'ला' हा एवढासा प्रत्यय लागला, की त्या घरावर काय ओढवले आहे ते साऱ्या आळीला समजते. मराठीच्या व्याकरणात इतका जड प्रत्यय मला दुसरा आढळलेला नाही.

तेथून परत आलेला माणूस पुढे जी भाषा बोलतो तीही ऐकण्यासारखी असते. 'तीस लाइटी झाल्या, तीन राहिल्या,' असे कोणी सांगतो. कोणी 'शेक घेतले' म्हणतो. आमच्या पुस्तकी मराठीत याला किरणोपचार असे भारदस्त नाव आहे. परंतु पुस्तकी शब्दापेक्षा लोकांचा शब्द पुष्कळदा सत्याच्या जवळ असतो. 'शेक' हा शब्द थोडा फसवा आहे, कारण यंत्राखाली पडलेल्या रोग्याला ऊब मुळीच लागत नाही. 'लाइट' मात्र अगदी बरोबर! क्ष-किरण हे उजेडाचेच भाऊबंद. फक्त डोळ्यांना न दिसणारे आणि अंगातून आरपार जाणारे.

गेल्या दोनतीन वर्षांत या भाषेत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे प्रोटॉन. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची 'अ‍ॅक्ट्रेक' नावाची मोठी संस्था आहे. तेथे 2023 साली प्रोटॉनच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार सुरू झाले. त्याआधी 2019 च्या आरंभी मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, एका खाजगी इस्पितळाने ही सोय केली होती. सरकारी संस्थेतली अशी सोय मात्र देशात प्रथम झाली ती खारघरला. वर्तमानपत्रांनी 'रामबाण' हा आपला ठेवणीतला शब्द काढला, आणि बातमी खाडी ओलांडून आमच्यापर्यंत आली.

पावसाळ्याच्या तोंडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला वाटेत गाठले. त्याच्या थोरल्या भावाच्या गालात आतल्या बाजूस गाठ आली होती आणि तपासणीत ती कर्करोगाची निघाली होती. भाऊ काजूच्या बागेत राबणारा, तोंडात सदैव तंबाखूची चिमूट.

"सर," तो म्हणाला, "खारघरला प्रोटॉनची लाइट आलीय म्हणतात. साध्या लाइटीपेक्षा जालीम. दादाला तीच द्यायची म्हणतोय. बाग काढतो विकायला. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का तिथं?"

ओळखीचे तेथे माझ्या कोणी नाही. परंतु 'जालीम' या शब्दापाशी मी अडलो. मी मराठी शिकविणारा माणूस. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध इंटरला सुटला असे म्हणावयास हरकत नाही. तरीही त्यानंतर जे काही वाचले, जाणत्यांना विचारले, त्यावरून एवढे नक्की झाले, की प्रोटॉनला लावण्यास याहून चुकीचे विशेषण शोधून सापडावयाचे नाही. आणि या एका विशेषणापायी कोकणातली एखादी बाग विकली जाऊ शकते.

तेव्हा आधी हे प्रोटॉन महाशय कोण ते पाहू. हायड्रोजनच्या अणूत एक मधला कण आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन, एवढाच प्रपंच असतो. त्यातला इलेक्ट्रॉन काढून टाकला की जो उरतो तो प्रोटॉन. तो इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड असतो. म्हणजे हा प्रकाश नव्हे, किरणही नव्हे; हा चक्क पदार्थाचा कण आहे. शरीरातून जाताना तो वागतोही पदार्थासारखा, आणि सारे इंगित तेथेच आहे.

क्ष-किरण शरीरातून कसे जातात? फाटक्या पिशवीत तांदूळ घेऊन एखाद्याने घर ओलांडावे तसे. ओटीवर सांडतात, माजघरात सांडतात, परसदारीही सांडतात. उपचाराच्या यंत्रातून निघणारे क्ष-किरण कातडीखाली एकदोन सेंटिमीटरवर सर्वांत जास्त ऊर्जा टाकतात, दहा सेंटिमीटर खोल गेल्यावरही त्यांतला सुमारे दोनतृतीयांश भाग शिल्लक असतो, आणि गाठ ओलांडून ते पलीकडच्या निरोगी भागालाही प्रसाद देत बाहेर पडतात. डॉक्टर मंडळी यावर युक्ती करतात. ते एकाच दिशेने मारा करीत नाहीत. निरनिराळ्या दिशांनी किरण सोडतात आणि त्या सर्वांची गाठ नेमकी गाठीवर घालून देतात. आजची यंत्रे हे काम इतक्या सफाईने करतात, की आमचे लोक जिला 'साधी लाइट' म्हणतात तिच्यात आता साधे असे फारसे काही उरलेले नाही.

प्रोटॉनची चाल निराळी. ती समजून घेण्यास आमच्या एस. टी.ची गाडी पुरे. गाडी भरधाव असताना उतारूंना उतरता येत नाही. वळणावर, चढणीला ती मंदावली की एखाददुसरा उडी टाकतो. जसजशी ती रेंगाळते तसतसे उतरणारे वाढतात, आणि शेवटच्या थांब्यावर सगळी गाडी रिकामी होते. त्यापुढे गाडी जातच नाही. वेगाने जाणारा प्रोटॉन वाटेतल्या अणूंना ओझरता भेटतो, म्हणून त्यांना थोडीच ऊर्जा देतो. वेग कमी होत गेला की प्रत्येक अणूपाशी तो अधिक वेळ घुटमळतो आणि अधिक ऊर्जा देतो. थांबण्याच्या अगदी आधीच्या काही मिलिमीटरांत तो जवळचे सारे रिते करतो. पुढे काही नाही. परसदारी तांदळाचा दाणासुद्धा नाही. कणांच्या या अखेरच्या उसळीला ब्रॅगचे शिखर म्हणतात. विल्यम हेन्री ब्रॅग या शास्त्रज्ञाने 1904 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ॲडिलेड येथे रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचा अभ्यास करताना हा प्रकार प्रथम टिपला.

थांबा कोठे यावा हे आपल्या हातात असते. सात कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे चार सेंटिमीटर जाऊन थांबतो. तेवीस कोटींचा एक फुटाहून किंचित अधिक जातो. माणसाचे शरीर बहुतेक पाणीच असल्यामुळे हा हिशेब अंगालाही लागू पडतो. तेवीस कोटींच्या प्रोटॉनचा सुटतानाचा वेग प्रकाशवेगाच्या साठ टक्क्यांच्या घरात असतो, आणि तरीही तो फुटभर अंतरावर, सांगितल्या जागी उभा राहतो.

आता 'जालीम'चे काय? डॉक्टर प्रोटॉनचा डोस मोजताना त्याचा परिणाम क्ष-किरणांहून फक्त एकदशांशाने अधिक धरतात. म्हणजे तेवढाच डोस दिला तर पेशी मारण्याची दोघांची ताकद जवळजवळ सारखीच. गाठ प्रोटॉनने अधिक मरते असे नव्हे. गाठीच्या शेजारचे अधिक वाचते. गुण आहे तो शेजारधर्माचा.

शेजारधर्मालाही मर्यादा आहे. गाठ म्हणजे काही कागद नव्हे. तिला जाडी असते. एकाच थांब्यावर भागत नाही. वेगवेगळ्या ऊर्जेचे प्रोटॉन थरावर थर सोडून साऱ्या गाठीला पुरे पडावे लागते, आणि या प्रत्येक थराचा थोडाथोडा प्रसाद वाटेतल्या भागाला मिळतोच. तेव्हा अलीकडच्या भागाची बचत बेताची. खरा नफा पलीकडे. शिवाय जो गुण तोच धोका. थांबा ठरविताना वाटेत हाड किती, स्नायू किती, हवा किती याचा पक्का हिशेब लागतो. उपचार चालू असता रोगी वाळला, श्वासाबरोबर गाठ वरखाली झाली, किंवा नाकाजवळच्या गाठीच्या बाबतीत रोग्याला नुसते पडसे होऊन कपाळाच्या पोकळ्या भरल्या, तरी प्रोटॉनचा थांबा पुढेमागे सरकतो. क्ष-किरणांना अशा फरकाचे फारसे सोयरसुतक नसते. प्रोटॉन मात्र गाठीच्या अलीकडेच उतरेल किंवा पलीकडच्या मज्जारज्जूत जाऊन बसेल. म्हणून डॉक्टर हिशेबात तीनएक टक्क्यांची सूट आधीच ठेवतात, आणि पुनःपुन्हा स्कॅन काढून पाहतात.

ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे एका कोड्याचा उलगडा होतो. प्रोटॉनचा औषधी उपयोग सुचविणारा रॉबर्ट विल्सन हा अमेरिकन शास्त्रज्ञ. लॉस अलामॉसच्या अणुबाँबच्या प्रयोगशाळेत तो एका मोठ्या विभागाचा प्रमुख होता. महायुद्ध संपल्यावर हार्वर्ड विद्यापीठासाठी सायक्लोट्रॉन यंत्राची आखणी करीत असता, संरक्षक भिंती किती जाड हव्यात या अगदी गवंडीकामाच्या प्रश्नातून तो प्रोटॉनच्या वाटचालीकडे वळला, आणि 1946 साली त्याने एका छोट्या निबंधात सांगून टाकले, की हे कण रोग्याच्या अंगात हव्या त्या खोलीवर थांबविता येतील. 1954 साली बर्कली येथे पहिल्या रोग्यांवर प्रयोग झाला. 1961 पासून हार्वर्डच्या यंत्रावर बॉस्टनचे डॉक्टर उपचार करू लागले. परंतु खास इस्पितळासाठी बांधलेले पहिले प्रोटॉन केंद्र कॅलिफोर्नियात लोमा लिंडा येथे उघडले ते 1990 साली. मधली चव्वेचाळीस वर्षे कोठे गेली? याला बरेच कारण नकाशाचे. गाडी तयार होती, पण रस्ता कोणी पाहिला होता? जिवंत माणसाच्या डोक्याच्या आतले चित्र कापाकापी न करता दाखविणारा सी. टी. स्कॅन इंग्लंडमध्ये 1971 साली प्रथम रोग्यावर वापरला गेला. तोवर प्रोटॉन सोडावयाचे ते बरेचसे अंदाजाने. आज जगात अशी शंभरावर केंद्रे आहेत.

खारघरच्या यंत्राविषयी लोक अचंबित होतात ते त्याच्या आकाराने, आणि व्हावयासही हवे. बेल्जममधल्या एका कंपनीचा तेथला सायक्लोट्रॉन दोनशे टनांहून अधिक वजनाचा आहे. आत हायड्रोजन वायू. त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले प्रोटॉन चुंबकाच्या कबजात गोल गोल फिरतात. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला दर फेरीस हलकासा धक्का द्यावा तसा प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात त्यांना विजेचा धक्का मिळतो, आणि रिंगण वाढत वाढत ते कडेला येऊन सुटतात. तेथून नळीतून उपचाराच्या खोलीत. अशा तीन खोल्या आहेत, आणि प्रत्येकीत गँट्री नावाचे शंभर टनांच्या आसपासचे एक प्रचंड चक्र रोग्याभोवती फिरते, म्हणजे कोणत्याही बाजूने सोंड रोखता यावी. हा सारा डोलारा कशासाठी, तर हायड्रोजनचे जे कण उचलून न्यावयाचे त्यांचे वजन करावयास तराजू सापडणार नाही! सोंडेतून निघणारी प्रोटॉनची धार पेन्सिलीइतकी बारीक असते, आणि चुंबकाच्या जोरावर ती गाठीचा एकेक थर रांगोळीसारखा ठिपक्याठिपक्याने भरून काढते.

कर्करोगाच्या इस्पितळात अणुविज्ञानाची एवढी मोठी सामग्री आली कशी, याला एक घरगुती इतिहास आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचे इस्पितळ उघडले. मेहेरबाई या माहेरच्या भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या त्या सख्ख्या आत्या. 1957 साली इस्पितळ केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले, आणि 1962 साली तेथून ते भाभांच्या अणुशक्ती विभागाकडे आले. रुग्णालय अणुशक्ती खात्याच्या पंखाखाली, ही जोडी पुष्कळांना आजही विचित्र वाटते. परंतु किरण हेच ज्या रोगाचे एक मोठे औषध, त्याचे घर किरणांच्या जाणकारांकडे असावे यात विचित्र ते काय?

याच परिवारातले दुसरे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे. आजच्या खारघरच्या संस्थेचे मूळ ज्या कर्करोग संशोधन केंद्रात आहे, त्याचे ते पहिले संचालक. 1944 साली, म्हणजे इस्पितळ उघडून पुरती चार वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. आमच्याकडे गालात गाठ का येते, याचे उत्तर तंबाखूच्या डबीत शोधावयास शिकविणाऱ्यांत खानोलकर अग्रभागी होते. ऐंशी वर्षे उलटली. डबीची पुडी झाली, एवढाच फरक.

मग प्रोटॉन हवा कोणाला? सर्वांत आधी लहान मुलांना. मुलांच्या मेंदूच्या मागल्या भागात मेड्युलोब्लास्टोमा नावाची एक गाठ होते. तिचे बी पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यातून पसरते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर साऱ्या मेंदूला आणि साऱ्या कण्याला किरण द्यावे लागतात. पाठीकडून सोडलेले क्ष-किरण कणा ओलांडून हृदय, फुफ्फुसे, आतडी, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी या सर्वांतून पोटाकडे निघतात. साठीच्या माणसाच्या बाबतीत यावर फार विचार करण्याचे कारण पडत नाही. पण सात वर्षांच्या पोराला त्या हृदयावर अजून साठसत्तर वर्षे काढावयाची असतात, आणि पहिल्या किरणांतूनच चाळिशीत दुसरा कर्करोग उद्भवण्याची धास्ती असते. प्रोटॉन मणक्यापाशी थांबतो. डॉक्टर तो मुद्दाम मणक्याच्या पुढल्या कडेपर्यंत नेतात, अर्ध्यात थांबवीत नाहीत. कारण वाढत्या वयात मणक्याची एक बाजू भाजली आणि दुसरी वाढत राहिली तर पोर वाकडे व्हावयाचे. इतका बारीक विचार करावा लागतो! फार लहान मुले स्थिर पडून राहात नाहीत, त्यांना दररोज भूल देऊन हे सारे करतात.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे अडचणीच्या जागांतल्या गाठी. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाला खेटून बसणारा कॉर्डोमा. डोळ्याच्या आतला मेलॅनोमा. शिवाय एकदा किरण घेऊन झालेल्या जागी पुन्हा गाठ आली आणि शेजाऱ्यांना आणखी सोसणारे नाही अशी वेळ. येथे मिलिमीटराला मोल आहे.

आणि इतरांना? पौरुषग्रंथीच्या कर्करोगावर अमेरिकेत साडेचारशे रोग्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले आणि एका गटाला प्रोटॉन, दुसऱ्याला उत्तम प्रतीचे क्ष-किरण दिले. 2024 साली निकाल जाहीर झाला : रोग आटोक्यात येण्यात फरक नाही, आणि आतड्यांच्या, लघवीच्या त्रासातही नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगावरील अशाच एका चाचणीत, जिचा निकाल 2020 साली आला, प्रोटॉन घेणाऱ्यांचे हाल कमी झाले. परंतु रोग आवरण्यात दोघे सारखेच राहिले. जाहिरातवाले यातला पहिला निकाल सांगत नाहीत आणि दुसऱ्यातला उत्तरार्ध गाळतात, हा माझा अनुभव.

दुसराही एक हिशेब आहे. तो मी पाठकोऱ्या कागदावर केलेला आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. एका खोलीत दिवसाला वीस रोगी धरले आणि प्रत्येकाचे उपचार सहा आठवडे चालले, तर वर्षाला एका खोलीतून पावणेदोनशेच्या आत माणसे बाहेर पडतील. तीन खोल्या, पाचशे माणसे. भारतात दरवर्षी कर्करोगाचे नवे रोगी चौदा लाखांवर निघतात. निवड होणारच. ती पैशाच्या थैलीवरून व्हावी की गाठीच्या जागेवरून, एवढाच प्रश्न उरतो. सरकारी संस्थेत हे यंत्र असण्याचे महत्त्व मला वाटते ते यासाठी. ज्याची गाठ साध्या लाइटीने जाण्यासारखी आहे, तो वजन लावून प्रोटॉनच्या टेबलावर चढला, तर कोठल्या तरी सात वर्षांच्या मुलीची जागा जाते.

माझ्या विद्यार्थ्याच्या भावाला परळच्या डॉक्टरांनी सांगितले ते असे : गालाची गाठ काढून टाकणे हा पहिला इलाज, नंतर गरज पडली तर साधी लाइट, प्रोटॉनचे तुमचे काम नाही. ऐकून घरच्यांची निराशा झाली. गरिबाला चांगली लाइट नाकारली, असे एक काका बोललेही. मी त्यांना पिशवीतले तांदूळ, एस. टी.ची गाडी, सारे काही सांगून पाहिले. काका म्हणाले, "मास्तर, मग ती गाडी आमच्या थांब्याला का येत नाही?" मी म्हटले, "काका, तुमचं घर पहिल्याच थांब्यावर आहे. गाठ गालात, हाताला लागते. ती सर्जनच्या सुरीनं निघते." ते किती पटले कोण जाणे. शस्त्रक्रिया झाली, लाइटीही झाल्या. त्या सहा आठवड्यांत सर्वांत महाग पडली ती मुंबईतली खोली, आणि दोघा भावांची बुडालेली मजुरी. बाग विकली नाही, पण तीन वर्षांचा काजू आगाऊ रकमेवर दिला आहे.

ज्यांना खरोखरच खारघरला जावे लागेल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रोटॉन कोणाला द्यावयाचा हे एकटा डॉक्टर ठरवीत नाही. सर्जन, औषधाचे डॉक्टर, किरणांचे डॉक्टर एकत्र बसून कागद पाहतात. म्हणून जुने स्कॅन, त्यांच्या सीडी, शस्त्रक्रियेचा कागद आणि तपासणीस काढलेल्या तुकड्याचा मेणातला ठोकळा, हे सारे बरोबर न्यावे. ठोकळा मागण्यासाठी गावी परत धाडले तर आठवडा मोडतो. आणि मुलाच्या बाबतीत पहिल्या शस्त्रक्रियेनंतर किरण सुरू होण्यास फार दिवस जाऊ देणे बरे नव्हे, तेव्हा 'पाऊस संपू दे, मग बघू' हे आपले कोकणी वेळापत्रक येथे चालत नाही. आमच्या तालुक्यातून रेल्वे जात नाही. एस. टी.ने सावित्री ओलांडून माणगाववरून पनवेल गाठावे. तेथून लोकलने खारघर हे तिसरे स्टेशन, आणि पुढे रिक्षा.